औषधाने छातीत जळजळ होते तेव्हा



आज आम्ही तुमच्याशी एका साध्या दुखण्याविषयी बोलणार आहोत. ते म्हणजे छातीतली जळजळ. तिखट भाजी खाल्ली, उपाशीपोटी चहा घेतला, रात्री उशिरा जेवून लगेच आडवे झाले, की छातीत जळजळ होते. आंबट ढेकर येतात. घशाशी आंबट पाणी येते. आपण म्हणतो, “पित्त झालं.” हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण कधीकधी ही जळजळ जेवणामुळे होत नाही, औषधामुळे होते. ताप, खोकला, जखम अशा दुखण्यांसाठी डॉक्टर जंतू मारणाऱ्या गोळ्या देतात. त्यांना अँटिबायोटिक म्हणतात. या गोळ्यांनी पुष्कळांच्या छातीत नाहीतर पोटात जळजळ होते. मग माणूस म्हणतो, “औषध उष्ण पडलं,” आणि गोळ्या सोडून देतो. जळजळ थांबते, पण रोग मात्र थांबत नाही.

आम्ही हे ऐकीव सांगत नाही. आमच्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट सांगतो.

कोकणातले एक गाव. आषाढाचे दिवस. भाताची लावणी चालू होती. एक शेतकरी गृहस्थ दिवसभर गुडघाभर चिखलात उभे असायचे. त्यांचे नाव आम्ही सांगत नाही, त्यांना आपण दादा म्हणू. दादांच्या पायांना भेगा होत्या. शेताच्या बांधात उंदीर होते. उंदरांचे मूत पाण्यात मिसळते, त्यातले जंतू भेगेतून अंगात शिरतात आणि लेप्टो नावाचा ताप येतो. दादांना तो ताप आला. डोळे लाल झाले. पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की पाय टाकवेना. घरच्यांनी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी रोग ओळखला आणि डॉक्सिसायक्लीन नावाच्या कॅपसूल दिल्या. सात दिवस, सकाळी एक, रात्री एक. “भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि घेतल्यावर लगेच झोपू नका,” असेही सांगितले. पण बाहेर रांग मोठी होती, पाऊस कोसळत होता, दादांचे अंग फणफणले होते. सांगणे कानावर पडले आणि वाऱ्यावर गेले. कोणी ते लिहून घेतले नाही.

दादा रात्रीची कॅपसूल बाजेवर पडल्यापडल्याच घेत. एक घोट पाणी, की झाले. दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी छातीच्या मधोमध आग पडली. घास गिळला की सुरी फिरल्यासारखे होई. पेजसुद्धा खाली उतरेना. शेजारचे म्हणाले, “गोळ्या फार उष्ण आहेत, बंद कर.” दादांनी बंद केल्या. उरलेल्या कॅपसूल कोनाड्यात ठेवल्या. म्हणाले, “पुढं कोणाला ताप आला तर उपयोगी पडतील.”

चार-पाच दिवसांनी ताप उलटला. डोळे पिवळे झाले. लघवी कमी झाली. मग धावाधाव झाली. जीप केली, जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. ऐन लावणीत घरातली दोन माणसे तिथे अडकली. दादा वाचले, पण अंगात पहिली ताकद यायला दिवाळी उजाडली. तिथल्या डॉक्टरांनी सगळी हकीगत विचारली आणि ते हळहळले. म्हणाले, “जळजळ होते एवढं येऊन सांगितलं असतंत, तर औषध बदलून देता आलं असतं. गोळ्या बंद करून घरी का बसलात?”

आता आपण विचार करू. दादांच्या छातीत आग का पडली?

तोंडापासून पोटापर्यंत एक नळी जाते. तिला अन्ननळी म्हणतात. मोठ्या माणसात ती साधारण दहा इंच लांब असते. खाल्लेला घास या नळीतून खाली पोटात उतरतो. पोटात अन्न पचवण्यासाठी आंबट रस तयार होतो. तो रस फार जहाल असतो. पोटाला आतून चिकट अस्तर असते, म्हणून पोटाला तो सोसतो. अन्ननळीला तो सोसत नाही. म्हणून अन्ननळीच्या खालच्या टोकाला एक झडप असते. विहिरीवरच्या पंपाला फूटव्हॉल्व असतो ना? पाणी एकदा वर चढले की तो परत खाली जाऊ देत नाही. तशीच ही झडप, फक्त उलट दिशेची. घास खाली जाऊ देते, आंबट रस वर येऊ देत नाही. झडप ढिली पडली, किंवा पोट गच्च भरून आपण आडवे झालो, की रस वर चढतो. तो अन्ननळीला लागतो आणि छातीत जळजळ होते. तिथेच आपले हृदयही असते, म्हणून माणूस घाबरतो.

हा झाला जळजळीचा एक प्रकार. दादांचा प्रकार दुसरा होता. तो समजायला पानाचे उदाहरण घेऊ. पानाला चुना नीट पसरून लावला, की तोंडाला काही होत नाही. पण चुन्याचा खडा गालात एका जागी बसला, की तेवढी जागा पोळते. चुना तोच, तोंड तेच. फरक एवढाच की तो एका जागी बसला. कॅपसूलचेही तसेच आहे. ती एका घोटाबरोबर घेतली, तर ओल्या अन्ननळीला चिकटून बसते. फुटाण्याचे साल टाळूला चिकटते, तशी. त्यात माणूस आडवा झाला, तर ती खाली सरकतच नाही. तिथेच विरघळते. डॉक्सिसायक्लीन विरघळले, की त्याचे पाणी फार आंबट होते. तेवढी जागा पोळते, तिथे व्रण पडतो. मग घास त्या व्रणावरून जाताना दुखते.

म्हणजे औषध उष्ण नव्हते. घेण्याची रीत चुकली होती.

सगळ्याच गोळ्या अशा नसतात. काही गोळ्या पोटात गेल्यावर त्रास देतात. एरिथ्रोमायसीन आणि ॲझिथ्रोमायसीन ही औषधे पोटाची हालचाल वाढवतात. त्याने कळ येते, मळमळते. अमॉक्सिसिलीन आणि क्लॅव्ह्युलेनिक आम्ल अशी जोडगोळी मिळते, तिने काहींना मळमळ आणि पातळ जुलाब होतात. मेट्रोनिडाझोल घेतले, की तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव येते आणि अन्न नकोसे होते. हे औषध चालू असताना दारू अजिबात घेऊ नये. आणखी एक गोष्ट. पुष्कळदा अँटिबायोटिकबरोबर अंगदुखीचीही गोळी दिलेली असते. दुखणे थांबवणाऱ्या काही गोळ्या पोटाच्या अस्तरालाच त्रास देतात. जळजळ तिने होते आणि दोष दुसऱ्या गोळीवर जातो. म्हणून जळजळीची तक्रार सांगायला जाल, तेव्हा घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.

आता उपाय सांगतो. यातला पहिला उपाय फुकटचा आहे. तो म्हणजे पाणी.

गोळी बसून किंवा उभे राहून घ्यावी. आधी एक घोट पाणी प्यावे, म्हणजे घसा ओला होतो. मग गोळी तोंडात टाकावी आणि पेलाभर पाणी प्यावे. चूळभर नव्हे, पेलाभर. त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. अंगणात फिरावे, बसून गप्पा माराव्यात, नाहीतर नातवाला दोन धडे वाचून दाखवावेत. झोपायच्या वेळी गोळी घेऊ नये. रात्रीची गोळी असेल, तर ती जेवणाच्या वेळी घ्यावी आणि मग थोडा वेळ बसावे. आजारी माणसाला बसवत नसेल, तर घरच्यांनी पाठीला आधार देऊन बसवावे.

दुसरा उपाय जेवणाचा. पुष्कळ गोळ्या खाल्ल्यावर घेतल्या तर पोटाला त्रास कमी देतात. पण सगळ्या नाहीत. काही गोळ्या उपाशीपोटीच नीट लागू पडतात. तेव्हा अंदाज करू नये. औषध घेतानाच विचारावे, “ही जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर?” हा प्रश्न विचारायला लाजू नका. विचारणारा अडाणी नसतो, न विचारणारा फसतो.

तिसरी गोष्ट दुधाची. जळजळ झाली, की आपल्याकडे थंड दूध पितात. त्याने घटकाभर बरे वाटते. पण काही अँटिबायोटिकांचे आणि दुधाचे जमत नाही. सिप्रोफ्लॉक्सासीन घ्या, नाहीतर टेट्रासायक्लीन घ्या. या गोळ्या दुधाबरोबर घेतल्या, तर दुधातला चुना गोळीला धरून ठेवतो. मग गोळी अंगी लागत नाही, तशीच शौचावाटे निघून जाते. माणसाला वाटते, औषध घेतले. खरे तर ते फुकट गेलेले असते. दही, ताक, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या यांचेही असेच आहे. अँटिबायोटिक साध्या पाण्याबरोबरच घ्यावे. दूध, दही आणि या बाकीच्या गोळ्या किती तासांनी घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून ठेवावे.

चौथी गोष्ट जळजळीवरच्या औषधाची. दुकानात पित्ताच्या गोळ्या आणि पांढरे पातळ औषध मिळते. ते पोटातला आंबट रस मारते. पण अँटिबायोटिक आणि हे औषध एका वेळी घेऊ नये. तेही गोळीला धरून ठेवते. दोन्हींमध्ये निदान दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. काही गोळ्यांना याहून जास्त अंतर लागते, म्हणून आधी विचारावे. खाण्याचा सोडा पाण्यात घालून वरचेवर पिऊ नये. सोड्याने अंगात मिठासारखा क्षार वाढतो. रक्तदाब असलेल्या, पाय सुजणाऱ्या आणि मूत्रपिंडाच्या रोग्याला तो बाधतो. त्रास जास्त असेल, तर आंबट रस कमी तयार व्हावा म्हणून डॉक्टर वेगळी गोळी देतात. ती त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

पाचवी गोष्ट राहणीची. गोळ्या चालू आहेत तोवर तिखट, तळलेले आणि फार आंबट थोडे बाजूला ठेवावे. मऊ भात, पेज, मुगाची खिचडी खावी. एकदम पोटभर न जेवता थोडे थोडे खावे. तंबाखू, विडी, मशेरी आणि दारू बंद ठेवावी. गोळ्या संपल्यावरही बंदच राहिली, तर उत्तमच. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्यावेत. लुगड्याची गाठ किंवा लेंग्याची नाडी पोटावर करकचून बांधू नये. बाजेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवाव्यात. उशाची बाजू पाच-सहा इंच उंच झाली, की आंबट रस वर चढत नाही. डाव्या कुशीवर झोपल्यानेही बरे वाटते.

एवढे करूनही जळजळ राहिली, तर डॉक्टरांकडे जाऊन सांगावे. गोळी बदलता येते. कॅपसूलऐवजी पातळ औषध देता येते. वेळ बदलता येते. पण मनाने गोळ्या बंद करू नयेत. क्षयाच्या रोग्याने तर हे मनावर कोरून ठेवावे. क्षयाची औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. त्यांनी मळमळते, पोटात जळजळते. पण ती मध्येच सोडली, तर रोग उलटतो आणि पुढे साध्या गोळ्यांना दाद देत नाही.

असे का होते? अँटिबायोटिक जंतूंना मारते. नेट कमी पडला, तर धट्टेकट्टे जंतू मागे राहतात. ते त्या औषधाला सरावतात. तण अर्धेच काढले, तर मागे राहते ते चिवट तणच. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लंडनमध्ये पेनिसिलीन शोधले. त्यांनीच १९४५ साली बजावले होते, की कमी मात्रेत औषध घेतले तर जंतू त्याला दाद देईनासे होतील. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारने पेनिसिलीनचा कारखाना काढला. त्याआधी हे औषध परदेशातून आणावे लागे. ज्या औषधासाठी एवढे कष्ट पडले, ते आपल्याच हाताने निकामी करू नये.

म्हणून साध्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागून घेऊ नका. सर्दीवर ते चालत नाही. उगाच जळजळ मात्र पदरात पडते. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, आपल्या त्याला देऊ नका. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. ती रेघ ओळखायला इंग्रजी यावे लागत नाही. दिवस असलेल्या बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने हे आधीच डॉक्टरांना सांगावे. लहान मुलांना मोठ्यांची गोळी मोडून देऊ नये. डॉक्सिसायक्लीनसारखी औषधे त्यांना जपूनच द्यावी लागतात.

आता धोक्याच्या खुणा सांगतो. या दिसल्या, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

छातीत दाबल्यासारखे दुखते, दुखणे हाताकडे, खांद्याकडे किंवा जबड्याकडे जाते, दरदरून घाम फुटतो, दम लागतो. हे पित्त नसेल, हृदयाचा झटका असेल. “पित्तच आहे” म्हणत बसण्यात माणसे गमावली आहेत. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा.

गिळताच येत नाही, पाणीसुद्धा अडकते. उलटीत रक्त पडते. शौचाला डांबरासारखे काळे होते.

गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठतात, ओठ आणि तोंड सुजते, श्वास लागतो. ही गोळी अंगाला चालत नाही, अशी ही खूण आहे. फक्त इथे मात्र पुढची गोळी घेऊ नका, आणि तडक डॉक्टरांकडे जा.

पाण्यासारखे जुलाब थांबत नाहीत, किंवा जुलाबात रक्त पडते.

बंधुभगिनींनो, दादांची गोष्ट अजून संपलेली नाही. दोन वर्षांनी पुन्हा लावणीचे दिवस आले आणि दादांना पुन्हा ताप आला. मधल्या काळात त्यांच्या घरच्या वहिनी साक्षरतेच्या वर्गाला येऊ लागल्या होत्या. या वेळी दवाखान्यात त्या बरोबर गेल्या. दादांनी आधीच सांगितले, “मागच्या वेळी या कॅपसूलनं माझी छाती जाळली होती.” डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले, औषध बदलले. वहिनींनी पदराच्या गाठीतून पेन्सिल काढली. औषधाच्या पाकिटावरचे नाव इंग्रजीत होते, ते त्यांना वाचता येत नव्हते. पण त्यांनी विचारून विचारून पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिले:

सकाळी १. रात्री १. जेवल्यावर. पेलाभर पाणी. झोपायचं नाही. ७ दिवस.

दादा रात्री बाजेवर टेकायला लागले, की वहिनी पाकीट समोर धरत. म्हणत, “वाचा बघू काय लिहिलंय.” दादा हसत आणि उठून बसत. सात दिवस गोळ्या नीट झाल्या. ताप गेला, छातीत जळजळ नाही, आणि लावणीचे राहिलेले दोन वाफेही त्यांनी स्वतःच पुरे केले. ते पाकीट आम्ही पाहिले आहे. त्यावरच्या “झोपायचं” या शब्दाचा काना जरा वाकडा पडला होता. पण त्या वाकड्या अक्षरांनी काम चोख केले.

तुम्हालाही आता अक्षर आले आहे. ते पाटीवरच ठेवू नका. पुढच्या वेळी औषध आणाल, तेव्हा पाकिटावर या पाच गोष्टी विचारून लिहा:

१. गोळी दिवसातून किती वेळा?
२. जेवणाआधी की जेवणानंतर?
३. किती दिवस?
४. कशाबरोबर घ्यायची नाही?
५. त्रास झाला तर कोणाला विचारायचे?

आणि हे लक्षात ठेवा:

गोळी बसून घ्यावी. पेलाभर पाणी प्यावे. अर्धा तास आडवे होऊ नये.
दूध, लोहाची गोळी आणि पित्ताचे औषध बरोबर घेऊ नये.
जळजळ झाली तर डॉक्टरांना सांगावे. आपल्या मनाने औषध सोडू नये.

 आता घरी गेल्यावर कोनाड्यात एकदा डोकावा. अर्धवट राहिलेल्या जुन्या गोळ्या तिथे असतील, तर त्या उद्या आरोग्य केंद्रात नेऊन दाखवा. आमची रजा घेतो. रामराम.